बातम्या गप्प बसला तो हिवाळा

गल्लीच्या तोंडाशी दोन खुर्च्यांचं सलून आहे. त्याच्या मालकाला सगळे बातम्या म्हणतात. खरं नाव पाटीवर आहे, पण पाटी वाचायची वेळ कुणावर येत नाही, कारण आवाज पाटीच्या आधी येतो. मी बावीस वर्षं त्याच्याकडे केस कापून घेतोय. खुर्चीत बसलं की गळ्याभोवती पांढरं कापड, डोक्यावर पाण्याचा फवारा, आणि फवाऱ्यासोबतच सुरुवात. कुणाच्या मुलीचं जमलं, कुणाचं मोडलं, कुठल्या इमारतीची लिफ्ट बंद आहे, टपाल कचेरीत आलेला नवा माणूस डावखुरा आहे. त्यात वाईट हेतू कधीच नसायचा. ऐकलेलं आत ठेवायला त्याच्याकडे जागाच नव्हती, इतकंच. तोंडात तीळ भिजत नाही असं आपण म्हणतो, पण याच्या तोंडात तिळाला टेकायलाही फुरसत मिळत नसे.

गेल्या हिवाळ्याच्या सुरुवातीला त्याचा आवाज बसला. आधी घोगरा झाला, मग वाक्याच्या मधेच गायब व्हायला लागला. लोक म्हणाले सर्दी असेल. त्याने मीठ-पाण्याच्या गुळण्या केल्या, गळ्याला मफलर गुंडाळला आणि त्या मफलरमधून बोलत राहिला. शेवटी बायकोने त्याला धरून घशाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. डॉक्टरीणबाईंनी नळी घालून पाहिलं आणि सांगितलं, स्वरतंतूंवर दोन बारीक गाठी आहेत. घाबरण्यासारखं काही नाही. औषधही फारसं नाही. चार आठवडे एक शब्द बोलायचा नाही.

"म्हणजे कमी बोलायचं," बातम्या घरघरत म्हणाला.

"कमी नाही. अजिबात नाही."

"आणि हळू आवाजात?"

"कुजबुज तर मुळीच नको. कुजबुजताना उलट जास्त ताण पडतो."

बायको म्हणाली, "डॉक्टर, हे जरा कागदावर लिहून द्या. मी सांगितलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही."

दुसऱ्या दिवसापासून बातम्या गळ्यात दोरीने बांधलेली वही आणि पेन्सिल अडकवून सलूनमध्ये उभा राहिला. मी त्याच दिवशी गेलो होतो. माझ्या उजव्या कानावरचे केस कापून झाले आणि त्याला काहीतरी आठवलं. कात्री ठेवून त्याने हात पुसले, वही उघडली आणि अर्धं पान लिहिलं. मी वाचलं, हसलो. तो पुन्हा कात्री घेऊन वळला तो सरळ मागच्या बाजूला. डावा कान राहिलाच. वही वाचायच्या नादात मलाही ते घरी जाईपर्यंत कळलं नाही. तीन दिवसांत असे पाच जण झाले. दुसऱ्या खुर्चीवर काम करणारा त्याचा मेहुणा शेवटी म्हणाला, "दाजी, तुम्ही महिनाभर घरीच बसा. दुकान मी सांभाळतो. तुमच्या लिहिण्याने गिऱ्हाइकांच्या डोक्यांचं वाटोळं चाललंय."

घरी वेगळीच तऱ्हा. बायको दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसते, दिवसभर लोकांना नाव-वय विचारते आणि दुपारी परत येऊन शांतपणे पेपर वाचू पाहते. हा समोर बसून चमच्याने टेबल वाजवायचा, टाळ्या वाजवायचा, हातवारे करायचा. शेजारणीकडे पाहुणे आलेत हे सांगायला त्याने एकदा सगळं नाटक करून दाखवलं, बॅगा उचलण्यापासून. बायकोने पेपर खाली ठेवला.

"अहो, टेबल वाजवणं हेही बोलणंच आहे. गावात एकच जागा अशी आहे, जिथे बोललं की लोक रागावतात. तुम्ही उद्यापासून तिथे जा."

ती जागा म्हणजे गावाबाहेरची पाणथळ. बसच्या शेवटच्या थांब्यावर उतरून वीस मिनिटं बांधावरून चाललं की पाणी दिसतं. उथळ, पसरलेलं, मधेमधे गवताची बेटं. हिवाळ्यात तिथे दूरदूरचे पक्षी उतरतात म्हणून ती राखीव ठेवलेली आहे. पाण्याच्या काठाला एक लाकडी खोली आहे, तिला लपण म्हणतात. आत एक लांब बाक, बाकासमोर डोळ्यांच्या उंचीवर आडव्या फटी. पक्ष्यांना माणूस दिसत नाही, माणसाला पक्षी दिसतात. दारावर पाटी आहे: शांतता राखा. दाराशेजारी खिळ्याला नोंदवही टांगलेली असते, दिसलेला पक्षी त्यात लिहायचा. गावात राहून बातम्या तिथे कधी गेला नव्हता. बातमी होण्यासारखं तिथे काय घडणार, असं त्याचं मत.

पहिल्या दिवशी त्याने लपणाच्या भिंतीच्या फळ्या मोजल्या. सत्तेचाळीस. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजल्या. तेवढ्यात दार अलगद उघडून एक उंच, ताठ बाई आत आली. तपकिरी कोट, लोकरीची टोपी, गळ्यात दुर्बीण. याने तोंड उघडलेलंही नसताना तिने ओठांवर बोट ठेवलं. त्या एका बोटावरून त्याने तिला ओळखलं. ती हेडबाई. गावातल्या शाळेत एकोणीस वर्षं मुख्याध्यापिका. अर्धं गाव तिच्या हाताखालून गेलं होतं आणि निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी ती रस्त्याने जाताना चांगली मोठी माणसं खिशातले हात बाहेर काढत. बातम्या दुसऱ्या गावी शिकलेला, त्यामुळे तो तिला फक्त खुर्चीतल्या गोष्टींमधून ओळखत होता. आणि पुरुषांच्या सलूनमध्ये तिचं कधी येणं नव्हतं, म्हणून ती त्याला मुळीच ओळखत नव्हती.

तिसऱ्या दिवशी एक नवराबायको फिरत फिरत आत आले आणि त्यांनी बातम्याला विचारलं, इथे काय काय दिसतं. त्याने वहीत लिहून दाखवलं: बोलता येत नाही. ते बिचारे ओशाळून निघून गेले. हेडबाईंनी बाकाच्या पलीकडच्या टोकावरून ते वाचलं. थोड्या वेळाने त्या सरकून जवळ आल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "वाईट वाटून घेऊ नका. बोलता येणारे लोक इथे येऊन जो गोंधळ घालतात, त्यापेक्षा तुम्ही फार बरे."

त्याने पेन्सिल उचलली. गाठी, डॉक्टर, चार आठवडे, सगळं लिहायचं होतं. पण बाईंनी हात वर केला. "राहू दे. मला काही सांगायची गरज नाही." आणि स्वतःची दुर्बीण त्याच्या हातात ठेवली. "ती चपट्या चोचीची बदकं बघा. थापट्या म्हणतात त्यांना."

त्याने पाहिलं. वीस-पंचवीस बदकं पाण्यात चोच बुडवून एकामागे एक गोल फिरत होती, डोक्यावर मशीन फिरवावं तशी, शिस्तीत, एक पट्टा सोडून दुसरा. बातम्या पाऊण तास बघत राहिला. दुर्बीण परत मागायला बाईंना त्याच्या दंडाला हात लावावा लागला.

मग तो रोजच जायला लागला. बायकोने भाजीच्या पिशवीत चहाचा थर्मास आणि जुनी शाल भरून द्यायला सुरुवात केली. हेडबाई शिकवायच्या आणि तो वहीत उतरवून घ्यायचा. लांब लाल पायांचा तो शेकाट्या. कपाळावर पांढरा टिळा असलेला काळा तो चांदवा. बुडी मारून भलतीकडेच वर येते ती टिबुकली. टिबुकली कुठे वर येईल याच्या दोघांच्या बोटांनी पैजा लागत आणि बाई बहुतेक वेळा हरत, कारण बातम्याला हलत्या डोक्यांचा अंदाज जन्मभराचा. पंख पसरून वाळवत बसलेला पाणकावळा पाहिला की त्याला गळ्याला कापड बांधलेलं गिऱ्हाईक आठवायचं. हे सांगावं असं त्याला फार वाटायचं. लिहायला घेतलं की तेवढ्यात आकाशात दलदली भोवत्या यायचा, तो शिकारी पक्षी दिसताच पाणथळभर एकदम पंख फडफडायचे आणि लिहायचं राहून जायचं.

"एक गंमत सांगतो," त्याने मला नंतर सांगितलं, "बोलायचं नसलं ना, की समोरचा काय बोलतोय ते पूर्ण ऐकू येतं. मी आयुष्यभर लोकांची वाक्यं निम्म्यावरून घेऊन गेलो."

कारण दुसऱ्या आठवड्यापासून हेडबाई बोलायला लागल्या होत्या. पक्ष्यांबद्दल तर होतंच, पण स्वतःबद्दलही. शाळेत आपण हसलो तर पोरं डोक्यावर बसतील म्हणून एकोणीस वर्षं हसू दाबलं आणि आता सवयच गेली, असं म्हणाल्या. बहिणीकडे राहायला जावं की न जावं, हेही सांगितलं. बातम्या मान डोलवायचा. आणि मग एका धुक्याच्या सकाळी, समोर काहीच दिसत नसताना, त्या म्हणाल्या, "तुम्हाला एक सांगू का. मी एक खोटं लिहिलंय."

बातम्याचे कान टवकारले. तीस वर्षांची सवय.

"बाहेर फाटकावर जे पक्ष्याचं मोठं चित्र रंगवलंय, ते पाहिलंत? तो तापस. बगळ्याच्या जातीचा. काठच्या उंच गवतात, पाणकणसांच्या गर्दीत उभा राहतो, मान वर करून, अगदी काडीसारखा. समोर असून दिसत नाही. अकरा वर्षांपूर्वी मी महिनाभर रोज त्याच्यासाठी येत होते. शेवटच्या दिवशी पाणकणसांत काहीतरी हललं. काहीतरी. आणि मी नोंदवहीत लिहिलं: तापस, एक. पाहिला नव्हता. पण मी लिहिलं म्हणजे खरंच असणार असं सगळ्यांनी धरलं. वनरक्षकाने तर फाटकावर चित्रच काढून घेतलं." त्यांनी दुर्बिणीची काच पुसली. स्वच्छ होती तरी पुसली. "मुलांना मी एका खोट्या सहीसाठी वर्गाबाहेर उभं करत असे. अकरा वर्षं त्या फाटकातून आत येते आणि चित्राकडे बघत नाही."

हे त्या का सांगू शकल्या, ते बातम्याला स्पष्ट कळलं. या माणसाकडून ते पुढे जाणारच नाही, अशी त्यांची खात्री होती. त्याने वहीत लिहायला पेन्सिल टेकवली, मला बोलता येतं, फक्त. आणि थांबला. आता हे लिहिलं तर बाईंची काय अवस्था होईल. त्याने "फक्त" हा शब्द खोडला, मग सगळंच खोडलं.

चौथा आठवडा संपायला दोन दिवस होते. सकाळी वारा सुटला होता. हेडबाई बाकाच्या डाव्या टोकाशी, थापट्या मोजण्यात गुंतलेल्या. बातम्या उजवीकडे, पाणकणसांसमोर. वाऱ्याने सगळी पाणकणसं एका अंगाला झुकत होती, परत येत होती. त्यातला एक पुंजका त्याला खटकला. तो झुकत होता, पण जरा मागाहून. डोक्यावर भोवरा असला की कितीही विंचरा, तेवढे केस उलटे उभे राहतात, आणि कारागिराचा डोळा नेमका तिथेच जातो. त्याने त्या भोवऱ्यावर नजर ठेवली. पुंजक्याला एक पिवळा डोळा होता. मग चोच दिसली, सरळ आकाशाकडे. मग गळ्यावरच्या तपकिरी रेघा, काड्यांमध्ये मिसळलेल्या. वारा आला की तो पक्षीसुद्धा काडीसारखा डोलत होता.

बाई चार हातांवर होत्या आणि त्यांची पाठ याच्याकडे. हाक मारता येत नव्हती. वहीतलं पान फाडून भिरकावलं असतं तर ते फडफडलं असतं. तो मोजे घातलेल्या पायांनी, बूट तिथेच सोडून, फळ्यांवरून इंच इंच सरकत त्यांच्या मागे गेला. बाईंना अजून पत्ता नव्हता. खांद्यावर हात ठेवला असता तर त्या दचकून बोलल्या असत्या. आणि मग विचार करायच्या आधीच त्याच्या हातांनी तेच केलं, जे ते रोज पन्नास वेळा करत आले होते. दोन बोटं एका कानशिलावर, दोन दुसऱ्यावर, हलका दाब, आणि मान वळवली.

खुर्चीतल्या माणसाची मान त्या दाबाने आपसूक फिरते, न्यायाधीश असो की पैलवान. हेडबाईंचीही फिरली. ज्या डोक्याला गावात कुणी हात लावायचं स्वप्नातही आणलं नसतं, ते टोपीसकट उजवीकडे वळलं, थोडं खाली झालं आणि थांबलं. बातम्याने बोटाने दाखवलं नाही. मान इतकी नेमकी बसवली होती की दाखवायची गरज नव्हती.

बाईंनी श्वास घेतला तो बराच वेळ सोडलाच नाही. तापस आठ-दहा मिनिटं उभा होता. मग त्याने एक पाय उचलला, विचार करून पुढे टाकला आणि पाणकणसांत मिटून गेला.

हेडबाई बाकावर बसल्या. चष्मा काढला. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या, दोन्ही एकदम. मग उठून त्यांनी नोंदवही घेतली, तारीख, वेळ घातली आणि लिहिलं: तापस, एक. "पाहणाऱ्याचं नाव" या रकान्यावर पेन ठेवून त्याच्याकडे वळल्या. त्याने नाव लिहिलं. आपलं त्यांनी त्याच्याखाली लिहिलं.

दोन दिवसांनी डॉक्टरीणबाईंनी नळी घालून पाहिलं, गाठी विरल्या होत्या. तासाला दहा मिनिटं बोलायची परवानगी मिळाली. बायको म्हणाली, "पहिली दहा मिनिटं बाहेर कुठेतरी संपवून या." तो थेट पाणथळीवर गेला. बाईंना सगळं नीट सांगायचं, असं त्याने बसमध्ये ठरवलं होतं, वाक्यंसुद्धा जुळवली होती. पण बांधावर वनरक्षकच भेटला. तो याचं जुनं गिऱ्हाईक. "काय बातम्या, आला का आवाज?"

"आला," बातम्या म्हणाला. आणि मागून बाई येत होत्या.

त्या थांबल्या. "तुम्ही बोलता?"

"हो, बाई. घशाला गाठी होत्या. मी सांगणार होतो."

"तुम्हाला बातम्या म्हणतात?"

"सलून आहे माझं," तो म्हणाला, आणि जुळवलेली सगळी वाक्यं पळाली.

हेडबाईंनी एकदा त्याच्याकडे, एकदा वनरक्षकाकडे पाहिलं आणि आल्या वाटेने परत गेल्या. दुसऱ्या दिवशी त्या लपणात नव्हत्या. त्यानंतरही नव्हत्या. बातम्या चार दिवस एकटाच बसला आणि पाचव्या दिवशी दुकानात उभा राहिला.

आम्ही सगळे त्याची वाट बघत होतो. पण गाडी पूर्वीसारखी धावेना. तो पाणथळीबद्दल बोलायचा, थापट्यांचे गोल, टिबुकलीची बुडी, सगळं रंगवून सांगायचा. तापस कसा दिसला तेही. मात्र कुणी हेडबाईंचं नाव काढलं की म्हणायचा, "मान खाली." घरीही तेच. बायको म्हणाली, "तुम्ही काहीतरी लपवताय. तुम्हाला जमत नाही ते, चेहरा बघा कसा झालाय. पोट दुखेल." तो म्हणाला, दुखतंय. पण सांगितलं नाही.

आवाज आल्याच्या आठव्या-नवव्या दिवशी, शनिवारी सकाळी, सलून भरलेलं होतं. एका खुर्चीत मी, दुसऱ्या खुर्चीत वनरक्षक, अर्ध्या गालाला फेस. बाकावर चार जण. वनरक्षकाचं चाललं होतं, "काही म्हणा, हेडबाईंची नजर म्हणजे नजर. अकरा वर्षांपूर्वी एकट्या त्यांनीच तापस टिपला होता. तुला तेव्हाचं काही सांगितलं असेल ना त्यांनी?"

वस्तरा थांबला. "गाल फुगवा," बातम्या म्हणाला.

तेवढ्यात काचेचं दार उघडलं आणि हेडबाई आत आल्या. बाकावरचे चारही जण उभे राहिले. त्यातले तिघे त्यांचे विद्यार्थी, चौथा उगाच. मी कापडाखाली हाताची घडी घातली, ते मला नंतर कळलं. रेडिओ कुणीतरी बंद केला.

बाई वनरक्षकाला म्हणाल्या, "तुम्ही इथे आहात ते बरंच झालं. अकरा वर्षांपूर्वीची तापसाची नोंद खोटी होती. मी तो पक्षी पाहिला नव्हता. आज तुमच्या कार्यालयात जाऊन जुन्या वहीतली ती ओळ मी लाल शाईने खोडली आणि खाली सही केली." फेसातून वनरक्षकाचा आ वासलेला दिसत होता. बाई पुढे म्हणाल्या, "मला वाटलं होतं, एव्हाना गावभर झालं असेल. आठवडाभर मी रस्त्यात लोकांचे चेहरे बघत होते. कुणाला काहीच माहीत नाही. या गृहस्थांना हे दोन आठवड्यांपासून माहीत आहे."

सलूनमध्ये सगळ्यांनी माना वळवल्या. पण हेडबाईंकडे कुणी पाहिलं नाही. खोटी नोंद, तापस, लाल शाई, ते सगळं बाजूला राहिलं. सगळे बातम्याकडे बघत होते.

"दोन आठवडे?" मेहुणा म्हणाला. "दाजी, दोन आठवडे?"

"वहिनींना पण नाही सांगितलं?" बाकावरचा एक जण म्हणाला.

बातम्या लाजला. वस्तरा पुसत राहिला. "सांगण्यासारखं नव्हतं ते," तो म्हणाला.

वनरक्षकाने तोंड मिटलं, मग म्हणाला, "बाई, चित्र काढून टाकू का?"

"कशाला? आता दिसलाय ना," हेडबाई म्हणाल्या. मग बातम्याकडे वळून, जरा अवघडून, "रविवारी पक्ष्यांची मोजणी आहे. एकीने मोजायचं, दुसऱ्याने लिहायचं. सकाळी सात ते दहा. मधे बोलायचं नाही. तुम्हाला जमेल?"

"जमेल, बाई. तासाला दहा मिनिटंच परवानगी आहे."

"ती दहा मिनिटं बांधावर," बाई म्हणाल्या आणि दार ओढून गेल्या. जाताना त्या हसल्या की काय, यावर आमचे अजून दोन तट आहेत.

हे सगळं मला बातम्यानेच नंतर खुर्चीत सांगितलं, बाईंची परवानगी घेऊन, आणि एकदा सांगून थांबणाऱ्यातला तो नसल्यामुळे तपशील पक्के आहेत. रविवारी त्या दोघांनी मिळून तेराशे बारा पक्षी मोजले. बदकांचा हंगाम संपेपर्यंत तो दर रविवारी गेला. बायकोही दोनदा जाऊन आली आणि परतताना म्हणाली की नवऱ्याशेजारी तीन तास इतक्या शांततेत ती लग्नानंतर पहिल्यांदाच बसली. सलूनमधली बडबड हळूहळू पूर्वपदावर आली. लिफ्ट, लग्नं, टपाल कचेरी, सगळं पुन्हा सुरू आहे. फरक एवढाच पडलाय की मधेच तो थांबतो आणि विचारतो, "तुमचं काय चाललंय?" आणि मग खरोखर ऐकतो. पहिल्यांदा त्याने मला असं विचारलं तेव्हा माझ्याकडे सांगायला काहीच तयार नव्हतं. आता मी घरून निघतानाच काहीतरी ठरवून जातो.